काकडी पाण्याची हाये

कळंबमध्ये कोरियन हॉटेलं दोन आहेत आणि ती दोन्ही माझ्या नवऱ्यामुळे आहेत. यवतमाळला असं एक नाही, पुसदला नाही, आमच्याकडे मात्र समोरासमोर दोन. चिंतामणीच्या दर्शनाला आलेले लोक त्या गोल गोल अक्षरांच्या पाट्या पाहतात आणि पानवाल्याला विचारतात, हे इथे कसं काय? पानवाला आमच्या घराकडे बोट दाखवतो. मला त्याचा फार राग येतो.

मी विजयमाला. नवऱ्याचं नाव वामनराव. शेती आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. माणूस निर्व्यसनी, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून या माणसाने माझ्या हातच्या एकाही पदार्थाला छान म्हटलेलं नाही. एकदाही. पुरणपोळी केली, तर पुरण सैल. आंबाडीची भाजी केली, तर लसूण कच्चा. आमची मुलगी वैष्णवी झाली, त्या बाळंतपणातून उठून मी पहिल्यांदा वांग्याची भाजी केली, अंगात त्राण नव्हतं, तरी केली, तर जेवून हात धुताना म्हणाले, "वांग्याले बी जास्त हायेत." जशा काही त्या बिया रात्री बसून मीच भरल्या होत्या.

अख्ख्या तालुक्यात त्यांची ही ख्याती. लग्नाच्या पंगतीत हे बसले की आचारी भट्टीच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि वाढपी दुसऱ्या पंगतीकडे वळायचा. लोकांना गंमत वाटायची. लोकांचं काय जातं? त्यांना त्या माणसासोबत रोज दोन वेळा जेवायचं नव्हतं.

मला फार काही नको होतं. पाटल्या नको, काशी नको. मरायच्या आधी एकदा या तोंडून 'छान झालं' एवढं ऐकायचं होतं. हसायचं असेल तर हसा, पण माझा जीव त्यातच अडकला होता.

आमच्या शेजारी पुंडलिकराव राहतात. त्यांची मुलगी प्रेरणा पुण्यात कोरियन भाषा शिकली, कंपनीच्या कामाने सोलला गेली आणि तिथे यून नावाच्या आचाऱ्याशी लग्न करून आली. आचारी साधासुधा नव्हता. कोरियाच्या टीव्हीवर स्वयंपाकाच्या मारामारीचा एक कार्यक्रम होतो, त्यात तो शेवटच्या फेरीपर्यंत गेला होता. त्या कार्यक्रमात हरणाऱ्याने आपला झारा टेबलावर उलटा ठेवायचा आणि मान खाली घालून निघून जायचं, असा नियम. यूनने तो तसा ठेवला होता आणि अर्ध्या कोरियाने रडत रडत ते पाहिलं होतं, असं प्रेरणा सांगायची.

इथे कळंबला मंगल कार्यालयात त्यांचं रिसेप्शन झालं. नव्या जावयाने हौसेने सगळ्यांसाठी काकडीचा एक पदार्थ स्वतःच्या हाताने केला. सगळे म्हणाले, एक नंबर, भल्ली मस्त. आमच्या ह्यांनी एक घास घेतला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "काकडी पाण्याची हाये."

प्रेरणाने हसत हसत त्याला ते सांगितलं. यून पांढराफटक पडला. कारण शेवटच्या फेरीत टीव्हीवरच्या परीक्षकाने हेच म्हटलं होतं. हेच, याच पदार्थाला.

पुढचं कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या माणसाने सोलमधलं चालतं हॉटेल बंद केलं, जिथे टेबल मिळायला लोक महिनोन् महिने थांबायचे. आणि बसस्टँडजवळचं बंद पडलेलं कृषी केंद्र भाड्याने घेतलं. प्रेरणा म्हणाली, "काकू, यून म्हणते, जगात खरं बोलणारे दोनच माणसं हायेत. त्यातला एक कळंबले राहते."

"अन दुसरा?"

"तो टीव्हीवरचा परीक्षक, सोलले. पण त्यानं त याले हरवलं नं. आता याले काकाजीच्या तोंडून छान ऐकाचं हाये. मंग तो सुखानं मरन म्हणते."

मी म्हटलं, रांगेत माझा नंबर आधी लागतो, बाई. ते तिने भाषांतर करून सांगितलं की नाही, माहीत नाही.

हॉटेल सुरू झालं. फवारणीची औषधं ठेवायच्या फळ्यांवर आता कोबीच्या लाल लोणच्याच्या बरण्या आल्या. पाटी बदलली, पण थायमेटचा वास भिंतींनी सोडला नव्हता. पहिल्याच दिवशी तांड्यावरचा देवसिंग सवयीने आत शिरला आणि बोंडअळीवर काही जालीम आहे का म्हणून विचारलं. यूनने मोठ्या अदबीने दोन्ही हातांनी त्याला एक बरणी दिली. देवसिंगने पंपात पाणी मिसळून ते फवारलं. अळी गेली म्हणतो. तेव्हापासून कोबीच्या निम्म्या बरण्या शेतात जातात आणि यूनला वाटतं, लोकांना त्याचं लोणचं फार आवडतं.

जेवणाचाही पहिल्या दिवशी घोटाळा झाला. यूनने बसल्या बसल्या आधी भाताची वाटी ठेवली. आमच्याकडे भात शेवटी येतो. भात आला म्हणजे जेवण आटोपलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, आपल्याला यायला उशीर झाला असं समजून मुकाट्याने तो घासभर भात खाल्ला, हात धुतले आणि "बरं, येतो" म्हणून निघाले. यून वाफाळत्या ताटल्यांची चळत घेऊन बाहेर आला, तेव्हा हॉटेलात एकटे पुंडलिकराव होते, तेही सासरे म्हणून. दुसऱ्या दिवसापासून कळंबमध्ये कोरियन जेवणाला भात शेवटी मिळू लागला. त्यानंतर मात्र गर्दी झाली. लोक दात कोरत बाहेर यायचे आणि सांगायचे की त्या पातळ रश्श्यात भाकर कुस्करली की काय लागतं!

आमचे हे रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि मला सोबत न्यायचे. ताटाभोवती पाणी फिरवायचे, एक घास घ्यायचे, छताकडे पाहायचे. त्याबरोबर सगळं हॉटेल चावायचं थांबायचं. यून झारा पाठीमागे धरून उभा.

"वास पुढं हाये, चव मांगं."

यून आत जाऊन उपड्या टबवर बसायचा. दुसऱ्या दिवशी नवीन पदार्थ, नवीन घास, तेच छत.

"तिखट डोक्यात जाते, पोटात नाई जात."

त्याने नदीकाठी स्वतःची काकडी लावली. तिला उन्हात ठेवली, मिठात ठेवली, फडक्यात बांधून खुंटीला टांगली. काकडी वाळून चिपाड झाली. तरी हे म्हणाले, "पाण्याचीच हाये." मला त्या पोराची इतकी कीव यायची की जेवण जायचं नाही. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटायचं. म्हटलं, चला, मी एकटीच नाही.

एवढ्यात हान बाई आल्या. त्या कार्यक्रमात पहिल्या आलेल्या ह्याच. यूनला हरवून, बक्षीस घेऊन, पेपरात फोटो छापून त्या निवांत बसल्या होत्या. कुठूनतरी त्यांच्या कानावर गेलं की हरलेला यून कळंब नावाच्या गावी एका माणसाची मान्यता मिळवायला गेला आहे. त्यांची झोप उडाली. म्हणजे अजून एक फेरी बाकी होती आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! त्यांनी यूनच्या समोरचं सोयाबीनचं टिनाचं गोदाम घेतलं, त्यात काळ्या दगडाची टेबलं टाकली आणि उद्घाटनाला पहिलं ताट आमच्या ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.

गोदामात मावतील तेवढे लोक आत, बाकीचे दाराशी. यूनही आला होता. ह्यांनी पाणी फिरवलं, घास घेतला, छताकडे पाहिलं. टिनाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले,

"छान हाये."

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शिट्टी मारली. हान बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. यून भिंतीला टेकला. आणि मी? मी ताटावरून उठले. आयुष्यात कधी अन्नावरून उठले नव्हते, त्या दिवशी उठले. एका परक्या बाईला, पहिल्या घासाला, छान! आणि इथे मी उभा जन्म चुलीपाशी घातला.

घरी येऊन गॅसची टाकी बंद केली आणि त्यांना सांगितलं, "उद्यापासून ह्या घरात तुमच्यासाठी सयपाक नाई. जा तुमच्या हान बाईकडं."

"काहून वो? काय झालं?"

काय झालं म्हणे! माझ्यापुरती भाकर मागच्या चुलीवर करून मी आधीच जेवून घ्यायचे. संप होता, उपास नव्हता.

हे बापडे संध्याकाळी बाहेर पडायचे. मी खिडकीतून पाहायचे नाही असं ठरवलं होतं, म्हणून पलीकडच्या कांताबाईला पाहायला सांगितलं. ती रोज येऊन सांगायची, "यूनकडंच गेलते." हान बाईकडे एकदाही नाही. ज्या बाईला छान म्हटलं तिचा उंबरा पुन्हा चढले नाहीत आणि ज्याला रोज नावं ठेवायची त्याच्याकडे जाऊन रोज पोटभर जेवायचे. मला वाटलं, एकाला रडवायची सवय लागली आहे, दुसरं काय.

मग एका दुपारी प्रेरणा डोळे पुसत आली. यूनने झारा उलटा ठेवला होता. सोलला परत चालला होता. त्या दिवशी संध्याकाळी गावाला शेवटचं जेवण. "काकू, तुमी सांगा नं काकाजीले. एकदा, खोटं का होईना, छान म्हणा म्हणावं."

"मलेच भेटलं नाई कधी," मी ओरडले, "तुले कुठून आणून देऊ?"

ती घाबरली. मग मीच रडायला लागले आणि ती मला समजावत बसली.

संध्याकाळी मी गेले. यूनसाठी गेले. हॉटेल गच्च भरलं होतं. हान बाईही आल्या होत्या, जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला निरोप द्यायला यावं तशा, नवीन कपडे घालून. टेबलावर मधोमध तो उलटा झारा. ह्यांनी रोजच्यासारखं पाणी फिरवलं, घास घेतला, छताकडे पाहिलं.

"मीठ जरासं इकडं तिकडं झालं," म्हणाले. आणि मग त्यांचं लक्ष झाऱ्याकडे गेलं. "हे काय मांडलं?"

"काकाजी, यून उद्या चालला," प्रेरणा म्हणाली. "कायमचा."

ह्यांच्या हातातला घास तसाच राहिला. "चालला? काहून? मंग मी जेवू कुठं?"

"तुमी त्याले कधी छान म्हटलंच नाई! हान बाईले म्हटलं, त्याले नाई!"

"अवो पोरी, त्या बाईचं मले आवडलंच नाई," हे म्हणाले. "पाहुणी बाई, इतक्या दुरून आलेली, तिचं मन कायले दुखवाचं? म्हून म्हटलं छान."

हॉटेलात कोणीतरी चमचा खाली पाडला.

"अन जे आवडलं ते?" हे मी विचारलं.

हे माझ्याकडे असं पाहायला लागले की जणू मला सूर्य कुठे उगवतो ते ठाऊक नाही. "आवडलं त्याले कोणी छान म्हणते का? नजर नाई लागन? भरल्या पऱ्हाटीले आपण काय म्हणतो? काही खरं नाई म्हणतो. फुटकं मडकं टांगतो बांधावर. लेकराले तीट कायले लावते? चांगलं दिसते म्हून लावते. माह्या बापानं मायच्या हातच्या जेवनाले भर पंगतीत वाहवा केलती. वर्षाच्या आत माय गेली. तवापासून मी कानाले खडा लावला. जे लय चांगलं हाये त्याले मी एक डाग लावूनच देतो. बिनडागाचं रायलं त कोणी घेऊन जाईन नं ते."

कळंबचे सगळे पुरुष आपापल्या ताटात पाहत होते आणि सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे. आपल्याला आजवर काय काय म्हटलं गेलं, याची प्रत्येकीची उजळणी चालली होती.

प्रेरणा यूनला समजावून सांगू लागली. ते फार लांबलं. मध्ये तिने स्वतःच्या गालाला बोट लावून तीट दाखवली, मग फुटक्या मडक्यासाठी एक बरणी उलटी करून दाखवली. यून ऐकत राहिला. मग हळूच काहीतरी बोलला.

"तो म्हणते," प्रेरणाला हुंदका आवरेना, "त्याची आजी त्याले लहानपणी कुत्र्याची लेंडी म्हणून हाका मारे. चांगल्या नावाचं लेकरू जगत नाई, म्हून."

"म्हणजे आपला उकंड्याच की हा!" पुंडलिकराव उभेच राहिले. त्यांच्या सख्ख्या काकाचं नाव उकंडराव होतं. आधीची मुलं राहिली नाहीत, म्हणून याला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत आणला होता. त्यांनी जावयाला मिठी मारली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

यूनने घाईने फोन काढला आणि सोलच्या त्या परीक्षकाला लावला. त्यालाही विचारायलाच हवं होतं. आम्ही सगळे फोनभोवती गोळा झालो. पलीकडून एक जाड आवाज थोडं बोलला.

"तो म्हणते, नाई," प्रेरणाने सांगितलं. "काकडी खरंच पाण्याची होती."

पहिल्यांदा यूनच हसला. मग सगळं हॉटेल हसलं आणि त्या हसण्यात त्याने झारा उचलून सरळ केला.

हान बाई हसत नव्हत्या. त्यांनी प्रेरणाला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग उठल्या, ह्यांच्यासमोर आल्या, कमरेत वाकल्या आणि काहीतरी तोडून बोलल्या. 'उद्या या, उपाशी या,' असा त्याचा अर्थ. तेव्हापासून त्या इथेच आहेत. एक दोष मिळावा म्हणून रोज पहाटे उठून खपतात. हे रोज एक घास खातात आणि मोठ्या संकोचाने छान म्हणतात. बाई आत जाऊन भांडी आपटतात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बरोबरच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी वांगी आणली. गॅस सुरू केला, तेल टाकलं, आणि फोडणी तडतडायला लागली तशी माझ्या डोळ्यांना धार लागली. सगळं आठवत होतं. पुरण सैल. लसूण कच्चा. कढी आंबट, शेव जाड, साखर हात राखून. मी एक एक शब्द जपून ठेवला होता, मनात कुढायला. आणि त्या सगळ्या वर्षांत छान एकदाही नाही. एकदाही.

हे जेवायला आले ते इस्त्रीचा सदरा घालून. पाटावर बसले. भाकर मोडली, घास घेतला, दुसरा घेतला. छताकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चेहरा घामाने डबडबला होता.

"विजू," म्हणाले, "मी कालपासून विचार करून राह्यलो. तुले ऐकाचं होतं नं इतके दिवस. मले काय माहीत? लागो काय नजर लागाची ते. आज बोलतो. भाजी छा..."

मी पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा हात, तसाच. "खबरदार!" म्हटलं. "खबरदार छान म्हणान तर."

त्यांनी माझा हात बाजूला केला. भाजीकडे पाहिलं. जीव भांड्यात पडल्यासारखा लांब श्वास सोडला.

"वांग्याले बी जास्त हायेत," म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "भल्ले जास्त हायेत," आणि त्यांच्या ताटात आणखी वाढली. वांगी मी स्वतः एकेक निवडून आणली होती. सगळी कोवळी होती.